साहेबाच्या हातचे पान

परशुराम गुप्ते यांच्याइतक्या सभांना हजर राहिलेला माणूस त्या काळच्या ठाण्यात दुसरा नसेल, आणि इतक्या सभांत मिळून इतके कमी बोललेला माणूसही सापडायचा नाही. त्यांची जागा ठरलेली असे. टेबलाभोवती मोठी माणसे बसत आणि त्यांच्या पाठीमागे, भिंतीला टेकून, गुप्ते यांची खुर्ची असे. मांडीवर कागद, हातात टोक केलेली पेन्सिल, आणि चेहरा असा की खोलीत ती एक खुर्ची रिकामीच असावी. दुसऱ्या महायुद्धाची सारी वर्षे त्यांनी दिल्लीला आणि उन्हाळ्यात सिमल्याला सरकारी लघुलेखक म्हणून काढली. कोणत्या मुलखाने किती काडतुसे करायची, कोणाची जहाजे कोणासाठी अडवून ठेवायची, कोणाच्या वाट्याचे धान्य कोणत्या आघाडीवर जायचे, याचे सौदे त्यांच्या डोळ्यांदेखत झाले. त्यांना कोणी काही विचारले नाही, आणि आपल्याला विचारावे असे त्यांनाही कधी वाटले नाही.

त्या खोल्यांत एक गोष्ट मात्र त्यांच्या मनावर कायमची उमटली. एकदा एका चिनी प्रतिनिधीची आणि एका इंग्रज सेनाधिकाऱ्याची रस्त्याच्या कामावरून अशी जुंपली की अध्यक्षांना सभा तहकूब करावी लागली. थोड्या वेळाने गुप्ते हिरवळीवर आले तर तोच चिनी गृहस्थ त्याच इंग्रजाच्या हातून चहाचा पेला घेत होता, आणि दोघे आपापल्या मुलांविषयी बोलत होते. सभा पुन्हा भरली तेव्हा भांडण जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू झाले. गुप्ते यांना हे दृश्य संस्कृतीचा कळस वाटले. वैर टेबलापुरते ठेवायचे, खाणेपिणे टेबलाबाहेर. ज्याला हे साधले तो सुधारलेला, ज्याला साधले नाही तो अडाणी, अशी एक साधी वाटणी त्यांनी मनाशी करून टाकली.

युद्ध संपले, जागा मोडीत निघाली, आणि गुप्ते ठाण्याला परत आले. तलावपाळीजवळ दोन खोल्या, पत्नी उत्तराबाई, आणि एका हायस्कुलात इंग्रजी शिकवण्याची नोकरी. गावात त्यांचा बोलबाला झाला तो मात्र शिक्षक म्हणून झाला नाही. ‘गुप्ते लढाईच्या मिटिंगांत बसलेले आहेत’ असे लोक एकमेकांना सांगत. सांगता सांगता लोकांनी त्यांची खुर्ची भिंतीपासून उचलून टेबलापाशी नेली, आणि गुप्ते यांनी ती परत जागेवर नेऊन ठेवली नाही. कोणाला खोटे सांगितले असे झाले नाही. कोणी विचारले की ते नुसते हसत आणि विषय बदलत. त्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावा, अशी व्यवस्था होती.

रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर त्यांचे इंग्रजी मंडळ भरे. नोकरीसाठी इंग्रजी सुधारू पाहणारी तरुण मुले तिथे येत. गुप्ते यांनी व्याकरणालाही सभेची शिस्त लावली होती. अध्यक्ष निवडायचा, विषयपत्रिका वाचायची, मग ‘शॅल’ कुठे आणि ‘विल’ कुठे यावर एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, तिसऱ्याने विरोध करायचा. एकदा या दोन शब्दांच्या हद्दीचे भांडण इतके पेटले की ग्रंथपालाने वर येऊन दिवे मालवण्याची धमकी दिली. पण भांडण कसेही झाले तरी शेवटी सगळ्यांनी हस्तांदोलन करायचे, तबकातले पान घ्यायचे आणि हसतमुखाने जिना उतरायचा, हा नियम होता. माणसाची पारख तो सभेत काय बोलला यावरून होत नाही, सभेतून कसा उठला यावरून होते, असे ते मुलांना सांगत. मुलांत सुधीर प्रधान सर्वांत तल्लख. पुढे माजिवड्याच्या बाजूला एक विलायती कारखाना आला आणि सुधीर तिथल्या साहेबाचा उजवा हात झाला, तेव्हा गुप्ते यांना आपल्या मंडळाचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

बाळकुमची आवडाबाई कोळीण त्यांच्या घरी कित्येक वर्षे मासळी आणत असे. पहाटेच्या भरतीची कोलंबी, बोयटे, कधी चिंबोऱ्या. पाटी पायरीवर टेकवून ती उत्तराबाईंशी घासाघीस करी, आणि घासाघीस संपली की उगाच थोडा वेळ बसे. मास्तर कागद तपासत असले की ती मोठ्याने म्हणे, ‘वयनी, तुमचा मास्तर कागदांना इतका बगतो, कधी कोलंबीला बगत नाय, म्हनून तुमी फसता.’ गुप्ते मान वर न करता हसत. त्यांच्या घराला तिची आणि तिला त्या घराची सवय झाली होती.

एका सकाळी ती आली ती मुलाला घेऊन. नामा चाळिशीचा, रुंद, सावकाश बोलणारा माणूस. त्यांच्या पाड्यातल्या कोळ्यांच्या जमातीचा तो पाटील होता. त्याने उभ्यानेच हकिकत सांगितली. पाड्यामागे खाडीकाठी जो मोकळा पट्टा आहे, जिथे त्यांच्या होड्या ओढून ठेवतात आणि जाळी सुकतात, तो सरकारदरबारी पडजमीन म्हणून लागलेला आहे. कारखान्याला तो आपल्या धक्क्यासाठी भाडेपट्ट्याने हवा आहे. सरकार द्यायला तयार आहे, मात्र गावाची हरकत नसली तर. प्रांतसाहेब चौकशीला येण्यापूर्वी साहेबाने कोळ्यांना बोलणी करायला बंगल्यावर बोलावले आहे, आणि साहेब बोलतो इंग्रजी.

‘तो परधानांचा पोर हाय दुभाष्या,’ आवडाबाई म्हणाली, ‘पन तो पगार त्यांचा खातो. तुमी लराईच्या मिटिंगीन बसलेले मानूस. आमच्याकडून बसा.’

आमच्याकडून बसा! गुप्ते यांच्या आयुष्यात कोणी त्यांना कोणाच्या बाजूने बसायला सांगितले, त्याची ही पहिली वेळ. ते हो म्हणाले. त्या ‘हो’मध्ये कोळ्यांविषयीची कणव किती होती आणि पुन्हा एकदा इंग्रजांच्या टेबलाशी, तेही पुढच्या खुर्चीवर, बसायला मिळणार याचा आनंद किती होता, हे त्यांनी त्या वेळी तपासले नाही.

ठरल्या दिवशी नामा आणि जमातीतला म्हातारा धाकू त्यांना माजिवड्याच्या नाक्यावर भेटले. तिघे पायी बंगल्याकडे निघाले. वाटेत नामाने जमातीने ठरवून दिलेले सारे सांगितले. जमीन द्यायची नाही. साहेब पैसे बोलला तरी नाही, नोकऱ्या बोलला तरी नाही. शेवटी तो म्हणाला की चहा दिला तर घेऊ, पण पान घेणार नाही. बोलणे मिटले म्हणजेच त्यांच्या जमातीत पान खातात, सोयरीक असो की भांडण असो. गुप्ते यांनी मान डोलावली. ऐकले नाही असे नाही. विषयपत्रिकेतले शेवटचे किरकोळ कलम ऐकावे तसे ऐकले.

साहेब उंच, उन्हाने तांबूस झालेला, आणि वागायला अतिशय सभ्य होता. त्याने कोळ्यांना ओसरीवर न बसवता दिवाणखान्यात खुर्च्या दिल्या. युद्धात तो आरमारात होता. गुप्ते यांनी बोलता बोलता दिल्लीच्या परिषदांचा उल्लेख करताच तो उठून उभा राहिला आणि त्याने त्यांचा हात हातात घेतला. ‘मग आपण एकाच बाजूला होतो,’ तो म्हणाला. असे इंग्रजी गुप्ते यांनी सिमला सोडल्यापासून ऐकले नव्हते, आणि तो हात सुटल्यावरही बराच वेळ त्यांना आपल्या तळव्यात जाणवत राहिला.

बोलणी झाली ती चोख झाली. गुप्ते यांनी नामाचा एकही शब्द मवाळ केला नाही, साहेबाचा एकही शब्द गोड केला नाही. साहेबाने दुसरीकडे जागा देऊ केली; नामाने तिथे ओहोटीला गुडघाभर चिखल असतो असे सांगितले. साहेबाने जमीन मुळात कोणाची, असे विचारले.

नामा म्हणाला, ‘आमची नाय, सरकारची बी नाय. ती होऱ्यांची हाय. होऱ्या हो बोलल्या त आमी कोन नाय बोलनार?’

जमीन होड्यांची, हे भाषांतर ऐकून साहेब मोकळेपणी हसला, आणि धाकूच्याही मिशीत हसू आले. शेवटी साहेबाने हात पसरले आणि निर्णय प्रांतांवर सोडू या असे म्हटले. काहीही ठरले नव्हते. कोळ्यांचा नकार जसाच्या तसा उभा होता. गुप्ते यांना एखाद्या परिषदेच्या शेवटी वाटावे तसे समाधान वाटले.

तेवढ्यात सुधीरने आतून चांदीचे तबक आणले. वर्ख लावलेले विडे, गुलाबपाणी. त्याने साहेबाच्या कानाशी लागून काही सांगितले, बहुधा हा इथला रिवाज म्हणून. साहेबाने स्वतः एक विडा उचलला आणि पाहुण्याला मान द्यावा तसा नामापुढे धरला.

नामाचा हात मांडीवरून उठला नाही.

साहेबाचा हात तसाच पुढे. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू गोंधळात बदलू लागले. त्याने गुप्ते यांच्याकडे पाहिले, आपले काही चुकले का, असे विचारल्यासारखे. सुधीर तबक धरून खाली पाहत होता. गुप्ते यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपण आणलेली माणसे एका सभ्य गृहस्थाचा त्याच्याच घरात अपमान करीत आहेत, आणि तो गृहस्थ आता आपल्यालाही त्यांच्यातलाच एक समजत असेल, एवढेच त्या क्षणी त्यांच्या मनात होते. वाटेत ऐकलेले सगळे त्यांना आठवत होते. पण त्या पसरलेल्या हातापुढे त्याला वजन राहिले नाही.

ते नामाकडे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, ‘घे, नामा. हा नुसता शिष्टाचार आहे.’

नामाने त्यांच्याकडे पाहिले. ‘मास्तर, तुमी सांगताव?’

‘हो. मी सांगतो.’

नामाने विडा घेतला आणि तोंडात घातला. धाकू उठून बाहेर गेला. साहेबाचा चेहरा खुलला, आणि गुप्ते यांनी सुटकेचा श्वास सोडला. परतीच्या वाटेवर धाकू पुढे निघून गेला होता. नामाने रस्त्यात एकदाही पिंक टाकली नाही, पान सगळे गिळले, हे गुप्ते यांच्या नजरेला पडले, पण त्याचा अर्थ लावावा असे त्यांना वाटले नाही. घरी येऊन त्यांनी उत्तराबाईंना साहेबाच्या हस्तांदोलनाची गोष्ट रंगवून सांगितली.

दोन दिवस आवडाबाई आली नाही. मग आली ती रिकाम्या हाताने. पायरीवर न बसता ती उभी राहिली आणि उत्तराबाईंना म्हणाली, ‘वयनी, आमच्या नामानं साहेबाचा पान खाल्ला. आता जागा गेली.’

आतल्या खोलीत गुप्ते यांच्या हातातला कागद थांबला. ते बाहेर आले आणि समजावू लागले: पानाचा आणि जमिनीचा संबंध नाही, कायद्यात असे कुठे नाही, मोठमोठ्या देशांची माणसे एकमेकांच्या हातचे खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडतात. आवडाबाईने सगळे ऐकून घेतले.

‘तुमच्यात पान खाल्ला त तोंड लाल होतं, मास्तर,’ ती म्हणाली. ‘आमच्यात सबूद जातो.’

ती गेल्यावर उत्तराबाईंनी विचारले, ‘अहो, त्यांच्यात असं असतं हे तुम्हांला ठाऊक नव्हतं का?’

या प्रश्नाला नाही म्हणता आले असते तर गुप्ते यांचे पुढचे आयुष्य बरेच सोपे गेले असते. अज्ञानाची लाज माणूस चारचौघांत सांगू शकतो. पण नामाने वाटेत स्पष्ट सांगितले होते. त्यांना ठाऊक होते, आणि तरी त्यांनी सांगितले की घे. ते पुन्हा आत जाऊन कागदांपुढे बसले, आणि उत्तराबाई काय समजायचे ते समजल्या.

माणसाला आपल्यापेक्षा वरच्यांपुढे लाज वाटते आणि आपल्यापेक्षा खालच्यांपुढेही वाटते. पण पहिली लाज आपल्याला लहानपणापासून शिकवलेली असते. ती वेळेवर, एका क्षणात येते, आणि कान तापवून जाते. दुसरी कोणी शिकवत नाही. ती सावकाश, उशिरा, नुकसान होऊन गेल्यावर येते आणि मग जात नाही. दिल्लीतल्या त्या चिनी प्रतिनिधीच्या पेल्याचा अर्थ गुप्ते यांना आता नव्याने लागला. ज्यांच्या पाठीशी फौजा उभ्या असतात त्यांना चहाच्या पेल्याला काही अर्थ नाही असे म्हणणे परवडते. ज्यांच्याजवळ शब्दाखेरीज काहीच नाही त्यांना आपण कोणाच्या हातचे काय खातो याची राखण करावी लागते. यात सुधारलेले कोण आणि अडाणी कोण, ही त्यांची जुनी वाटणी आता त्यांच्या कामाची राहिली नाही.

ते आधी सुधीरकडे गेले. सुधीरने त्यांना आदराने बसवले आणि त्यांचे म्हणणे मन लावून ऐकले.

‘तुला हा रिवाज ठाऊक होता?’ गुप्ते यांनी विचारले.

‘सर, मी शेजारच्या ढोकाळीत वाढलो. बाळकुमच्या कोळ्यांचं पान म्हणजे काय, हे मला ठाऊक नसेल?’ सुधीर म्हणाला. मग तितक्याच अदबीने त्याने पुढे सांगितले, ‘पण पान साहेबांनी दिलं, आणि घ्यायला तुम्ही सांगितलंत. मी तर एक शब्द बोललो नाही.’

सभेत एक शब्दही न बोलता काम कसे साधावे हे हा मुलगा शिकला होता, आणि कुठे शिकला हेही उघड होते.

मग ते बाळकुमला गेले. नामा होडीच्या सांध्यात राळ भरत होता. गुप्ते यांनी त्याला प्रांतसाहेबांपुढे उभे राहून सांगायची विनंती केली, की ते पान खुशीने घेतलेले नव्हते, मास्तरांनी घ्यायला लावले. आजवर ते त्याला अरेतुरे करीत आले होते. त्या दिवशी त्यांच्या तोंडून आपोआप ‘तुम्ही’ आले. नामाला तो बदल जाणवला असावा, कारण त्याने हातातले काम थांबवले.

‘शिष्टाचार तुमचा व्हता, मास्तर,’ तो म्हणाला, ‘पन तोंड माझा व्हता. पाटलानं दुसऱ्याच्या सांगन्यावर पान खाल्ला, असा मी कसा बोलू? मग उद्या माझ्या कंच्या शब्दाला कोन इचारील?’

गुप्ते म्हणाले की मग मी सांगतो. नामा पुन्हा राळ भरू लागला. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही.

प्रांतसाहेब आले आणि चावडीपुढे चौकशी भरली. एका बाजूला साहेब आणि सुधीर, दुसऱ्या बाजूला सारा पाडा, बायकामाणसांसकट. सुधीरने शुद्ध मराठीत निवेदन केले की ग्रामस्थांशी सामोपचाराची बोलणी झाली, आणि जमातीच्या पाटलांनी त्यांच्या परंपरेप्रमाणे पान स्वीकारून संमती दिली. त्यात खोटे एक अक्षर नव्हते. प्रांतांनी विचारले, कोणाची हरकत आहे? पाड्यातले कोणी उठले नाही. पाटलाने शब्द दिल्यावर त्याच्या पाठीमागून बोलायची त्या जमातीत रीत नव्हती. सगळे नामाकडे पाहत होते आणि नामा जमिनीकडे.

तेव्हा परशुराम गुप्ते आयुष्यात पहिल्यांदा सभेत उठून उभे राहिले.

ते बोलले ते चांगले बोलले. झालेला प्रकार त्यांनी काही न लपवता सांगितला. रिवाज आपल्याला आधी सांगितलेला होता, तो विसरलो नव्हतो, साहेबांपुढे संकोच वाटला म्हणून पाटलांना पान घ्यायला सांगितले, तेव्हा ती संमती पाटलांची नसून आपली आहे, असे ते म्हणाले. साहेब सुधीरला अर्थ विचारीत होता आणि सुधीर त्याला काही सांगत नव्हता.

प्रांतांनी शांतपणे विचारले, ‘आपण या जमातीचे?’

‘नाही.’

‘बाळकुमचे रहिवासी?’

‘नाही. मी दुभाषा होतो.’

‘दुभाष्याची हरकत मला घेता येत नाही,’ प्रांत म्हणाले. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता. ते नामाकडे वळले. ‘पाटील, हे मास्तर म्हणतात ते ऐकलंत ना? त्यांच्या सांगण्यावरून, न समजता तुम्ही पान घेतलंत, असं तुमचं म्हणणं असेल तर सांगा. मी ते लिहून घेतो.’

आता कुठे गुप्ते यांच्या लक्षात आले की आपण काय केले आहे. त्यांना स्वतःच्या डोक्यावरचे ओझे उतरवायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी नामाला भर चावडीत, त्याच्या बायकोमुलांसमोर, अशा जागी उभे केले होते की जमीन राखायची तर त्याने आपल्याला अक्कल नव्हती असे कबूल करावे. कबुली त्यांनी दिली होती. तिची किंमत मात्र दुसऱ्याने द्यायची होती.

नामा उठला. ‘मना समजला व्हता,’ तो म्हणाला. ‘पान मी खाल्ला. मास्तरांनी यात परू नये.’

जमीन गेली. काही महिन्यांत तिथे तारेचे कुंपण आले आणि होड्या पलीकडच्या चिखलात लागल्या. आवडाबाई गुडघाभर चिखल तुडवून पाटी वर आणू लागली, आणि तरीही अधूनमधून तलावपाळीच्या घरी येत राहिली. भाव तोच सांगे. पायरीवर बसणे तेवढे तिने सोडले. गुप्ते यांनी इंग्रजी मंडळ बंद केले. कारण विचारले तर प्रकृतीचे सांगत. ‘लढाईच्या मिटिंगां’चा विषय कोणी काढला की आता ते स्पष्ट सांगत, मी तिथे भिंतीला टेकून बसलेला कारकून होतो. लोकांना तो त्यांचा विनय वाटे आणि त्यांचा मान उलट वाढे. सत्य सांगून लाज उतरत नाही असे एकदा दिसल्यावर माणसाजवळ दुसरा इलाज उरत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात उत्तराबाईंना आवडाबाईकडून कळले की जमात नामाचा न्याय करायला बसणार आहे. गुप्ते बोलावणे नसताना गेले. देवळापुढच्या अंगणात, भर दुपारी, पिंपळाच्या सावलीत सगळे बसले होते. त्यांना पाहून बोलणे क्षणभर थांबले; मग कोणी तरी चटई टाकली आणि बोलणे पुढे सुरू झाले. गुप्ते तयारी करून आले होते. आपल्यावर बोट दाखवले जाईल, चार शब्द कडू ऐकावे लागतील, आणि ते आपण मान खाली घालून ऐकू, अशी त्यांची अपेक्षा होती. खरे तर तीच आशा होती. पण तासभर चाललेल्या त्या बोलण्यात त्यांचे नावच निघाले नाही. साहेबाचे निघाले नाही, सुधीरचे निघाले नाही. नामाने पान खाल्ले, एवढ्यावरच सारे बोलत होते. शेवटी ठरले की पाटीलकी धाकूकडे जावी, आणि पुढच्या होळीपर्यंत जमात बसेल तेव्हा नामाने बसलेल्या सगळ्यांना पाणी द्यावे. नामाने उभे राहून ते मान्य केले.

गुप्ते यांना राहवले नाही. त्यांनी उठून हात जोडले आणि म्हटले की चूक माझी होती, मलाही काही दंड करा. काय वाटेल तो करा.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मागे बायकांत कोणी तरी हसू दाबले. धाकू अवघडून डोके खाजवू लागला. उत्तर आवडाबाईने दिले, आणि ते रागाने दिले नाही. लहान मुलाची समजूत घालावी तसे दिले.

‘बसा मास्तर. दंड आपल्या मानसाला असतो. तुमाला आमी कसा करू?’

ते बसले. यापुढे मागायला काही उरले नव्हते. ज्या माणसांच्या बाजूने त्यांना बसायला बोलावले होते, त्या माणसांच्या शिक्षेतही त्यांना वाटा मिळायचा नव्हता.

नामाने देवळाच्या पायरीवरचा हंडा उचलला, तांब्या भरला आणि आपल्या दंडाला सुरुवात केली. रीतीप्रमाणे तो आधी पाहुण्याकडे आला. वाकून त्याने भरलेला तांब्या गुप्ते यांच्यापुढे धरला. गुप्ते यांचा हात उठेना. मागे ऊन होते, मुले तहानेने चुळबुळत होती, आणि सगळे अंगण त्यांच्याकडे पाहत होते.

‘घ्या मास्तर,’ नामा हळूच म्हणाला. ‘तुमी घेतल्याबिगर मना बाकीच्यांना देता येत नाय.’

गुप्ते तांब्या घेऊन पाणी प्याले.